खाटेशेजारी बसणाऱ्या माणसासाठी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस



आपल्या दोन्ही खात्यांकडे रोज मागण्या येत असतील. खाटा वाढवा, औषधे पुरवा, परिचारिकांची रिकामी पदे भरा, बंद पडलेले यंत्र दुरुस्त करा. या सगळ्या मागण्या खऱ्या आहेत. परिचारिका म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला त्यांचे महत्त्व कुणी सांगायला नको. तरीही त्या रांगेत मी आणखी एक मागणी घेऊन उभी आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत असा एक प्रशिक्षित माणूस नेमा, ज्याचे काम रुग्णाजवळ बसणे हेच असेल. त्याने तपासायचे नाही, सुई टोचायची नाही, फॉर्म भरून घ्यायचे नाहीत. भीती, शोक आणि मरण यांना तोंड देणाऱ्या माणसाजवळ आणि त्याच्या घरच्यांजवळ बसायचे, ऐकायचे आणि लागेल ते करायचे.

असा माणूस मी पाहिला आहे. माझी सगळी नोकरी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका मिशन हॉस्पिटलात झाली. तिथे चॅपलेन हे पद होते, म्हणजे रुग्णालयासाठीच नेमलेला ख्रिस्ती पाळक. आम्ही सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणायचो. मी स्वतः ख्रिस्ती आहे, आणि ते न सांगता हे पत्र लिहिणे बरोबर होणार नाही. पण मी जे मागते आहे ते माझ्या समाजासाठी नाही. पाळकसाहेबांच्या वाट्याला येणारे बहुतेक रुग्ण हिंदू, मुसलमान, बौद्ध, लिंगायत, जैन असेच असत. कर्नाटकातून आलेली कानडी माणसे असत, ज्यांना डॉक्टरांचे मराठी अर्धेच कळे.

आपल्या राज्यात ही परंपरा जुनी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय सुरू केले. वेंगुर्ला, जालना, अहमदनगर इथेही मिशनची रुग्णालये उभी राहिली. या रुग्णालयांत शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करण्याची पद्धत होती, आणि वॉर्डात फिरणारा पाळक हा डॉक्टर-सिस्टरांइतकाच रुग्णालयाचा माणूस मानला जाई. वानलेस यांच्या शस्त्रक्रियांबद्दल पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. वॉर्डात फिरणाऱ्या त्या पाळकांबद्दल मात्र कुणी फारसे लिहिलेले नाही.

पाळकसाहेबांचा दिवस सकाळच्या चॅपेलमधल्या छोट्या उपासनेने सुरू व्हायचा. त्यानंतर ते मेट्रनच्या खोलीत येऊन दोन याद्या मागायचे : दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची आणि रात्री दगावलेल्यांची. पहिल्या यादीतल्या प्रत्येकाकडे ते संध्याकाळी जात. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी माणूस काय बोलतो ते आपण ऐकले आहे का? भुलीतून उठलोच नाही तर, हे वाक्य तो डॉक्टरांपुढे काढत नाही, कारण डॉक्टर रागावतील असे त्याला वाटते. बायकोपुढे काढत नाही, कारण ती रडेल. पाळकसाहेबांपुढे काढतो. ते त्याला ‘काही होणार नाही’ असे कधीच म्हणत नसत. ‘कशाची जास्त धास्ती आहे?’ असे विचारत. मग कळे, की भीती मरणाची नाही, भावाकडे गहाण पडलेल्या दोन एकरांची आहे, किंवा लग्नाच्या मुलीची आहे. अशी भीती बोलून दाखवता आली की त्या माणसाला झोप लागे. झोपेच्या गोळीचा डोस आम्ही सिस्टर लोक कमी करून मागत असू, इतका तो फरक दिसे.

भाजलेल्या बायकांच्या खोलीबद्दल मला जरा थांबून सांगितले पाहिजे. त्या काळी आमच्याकडे अशा बायका सतत यायच्या. स्टोव्हचा भडका उडाला, हे एकच वाक्य प्रत्येकीच्या तोंडी असायचे, आणि ते म्हणताना खाटेच्या पायथ्याशी सासू किंवा नवरा उभा असायचा. नायब तहसीलदार येऊन मृत्यूपूर्व जबाब घेऊन जात. त्यातही तेच वाक्य लिहिले जाई. एका तरुण मुलीच्या बाबतीत असे झाले. जबाब झाला, कागद गेले. दुपारी पाळकसाहेब आले आणि त्यांनी नातेवाइकांना हात जोडून बाहेर बसायला सांगितले. दारापाशी मला उभे केले. ते तिच्याजवळ पुष्कळ वेळ बसले. मला आतले शब्द ऐकू येत नव्हते, अधूनमधून तिचे विव्हळणे येत होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजलेला होता. मला एवढेच म्हणाले, ‘सिस्टर, तिला डॉक्टरांशी बोलायचे आहे. ती स्वतः बोलेल. तोपर्यंत आत कुणाला सोडू नका.’

जबाब पुन्हा नोंदवला गेला. पहिल्यांदा ती पाळकसाहेबांना काय म्हणाली, ते त्यांनी मला सांगितले नाही, डॉक्टरांना सांगितले नाही, पोलिसांनाही नाही. मला तेव्हा राग आला होता. एवढे कळले असताना हा माणूस गप्प कसा बसतो, असे वाटले होते. पुढे समजले, की तिचे बोलणे तिच्याच तोंडून यावे म्हणूनच ते गप्प होते. त्यांनी तिच्या वतीने काही केले असते, तर तिचा शेवटचा हक्कही दुसऱ्या कुणीतरी वापरला असता. त्यांनी तिला तो वापरण्याइतके बळ दिले आणि दारावर पहारा ठेवला. ती दुसऱ्या रात्री गेली. ती गेली तेव्हाही ते तिच्याजवळच होते. ती हिंदू होती. तिने सांगितले म्हणून त्यांनी तिच्या कुलदेवीचा अंगारा शोधून आणायला वॉर्डातल्या मावशींना पाठवले होते.

प्रसूतिकक्षातले त्यांचे काम याहून वेगळे. मेलेले मूल जन्मले की आपल्याकडे ते आईला दाखवत नाहीत. कपड्यात गुंडाळून आजोबा किंवा काका घेऊन जातात, आणि बाईला सांगतात, विसरून जा, अजून वय आहे. पाळकसाहेब त्या बाईला विचारायचे, ‘बघायचे आहे का तुम्हाला बाळ?’ काही नाही म्हणायच्या, मग ते आग्रह करत नसत. काही हो म्हणायच्या. अशा वेळी सासरच्या मंडळींची समजूत काढण्याचे अवघड काम त्यांचेच असे. ज्यांनी बाळाला कुशीत घेतले त्या रडायच्या, फार रडायच्या, पण त्यांचे ते रडणे कुठेतरी पोहोचायचे. आज परदेशांत मोठ्या प्रसूती रुग्णालयांत आईबापांना ही मुभा देणे ही शिकवली जाणारी गोष्ट आहे. आमच्या पाळकांना ती कुणी शिकवली नव्हती.

डॉक्टरांच्या, सिस्टरांच्या वाट्यालाही ते येत. टेबलावर पेशंट गेला की तरुण डॉक्टर जिन्यात जाऊन उभे राहतात, हे त्यांना माहीत होते. ते त्यांना कँटीनमध्ये नेऊन चहा पाजायचे. कक्षसेवक मामांचे दारूचे व्यसन, नर्सिंगच्या मुलींचे नापास होणे, गरीब रुग्णाच्या बिलासाठी ऑफिसात जाऊन हुज्जत घालणे, कुणीच न्यायला न आलेल्या प्रेताची मूठमाती, हे सगळे त्यांचेच. पगार बेताचा. क्वार्टर आवारातच, त्यामुळे रात्री दार वाजले की उठायचे. त्यांच्या पत्नी एकदा मला म्हणाल्या होत्या, ‘घरचा माणूस आजारी पडला की मात्र यांना बोलायला शब्द सापडत नाहीत.’ या कामाची किंमत अशीही असते.

आता या पदामागच्या शास्त्राबद्दल. हे नुसते चांगुलपणाचे काम आहे असे वाटले, तर शासनाने त्यात का पडावे, असे आपण विचाराल. अमेरिकेत अँटन बॉइसन नावाचे एक पाळक होते. १९२० साली त्यांना तीव्र मानसिक आजार झाला आणि मनोरुग्णालयात ठेवावे लागले. आत असताना त्यांच्या लक्षात आले, की रुग्णाच्या आत चाललेल्या उलथापालथीत श्रद्धेचा, अपराधाचा, अर्थाचा प्रश्न असतो, आणि तिकडे कुणी लक्ष देत नाही. बरे झाल्यावर १९२४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात चॅपलेन झाले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राचे विद्यार्थी तिथे आणले. पुस्तके वाचता तशी ही माणसे समजून घ्या, असा त्यांचा आग्रह होता. आज जगभर चॅपलेनांना जे प्रशिक्षण दिले जाते त्याची सुरुवात तिथे झाली.

त्या प्रशिक्षणातली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. शिकाऊ चॅपलेन रुग्णाला भेटून आला की त्याने ते सगळे बोलणे आठवून, शब्द न् शब्द, नाटकातल्या संवादांसारखे लिहून काढायचे. मग ते बरोबरीच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकापुढे वाचायचे. रुग्ण म्हणाला, ‘माझ्या मुलाला कळवू नका.’ तू उत्तरलास, ‘देवावर भरवसा ठेवा.’ का? त्याच्या मुलाचे काय झाले ते तू विचारले का नाहीस? तू देवाचे नाव त्याच्यासाठी घेतलेस की स्वतःच्या घाबरटपणासाठी? अशी तपासणी आठवड्यामागून आठवडे चालते. त्यातून बाहेर पडलेला माणूस उपदेश करायला धजत नाही. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अशा प्रशिक्षणाची परंपरा आहे. आमचे पाळकसाहेब तिथे शिकून आले होते. परत आल्यावर त्यांचे बोलणे कमी झाले, हे आम्हा सगळ्यांच्या लक्षात आले होते.

दुसरे नाव सिसिली सॉन्डर्स यांचे. त्या आधी परिचारिका होत्या, नंतर रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि मग डॉक्टर झाल्या. मरणाऱ्या माणसाची वेदना शरीरापुरती नसते, त्यात मनाची, घरच्यांच्या काळजीची आणि जगण्याच्या अर्थाची वेदना मिसळलेली असते, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला मान्य करायला लावले. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्याच वाटेवर १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन उभे राहिले, आपल्या देशातले पहिले हॉस्पिस. तिथे कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपशामक उपचारांच्या व्याख्येतही शरीर आणि मनाच्या जोडीने आध्यात्मिक दुःखाचा उल्लेख आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्ये उपशामक उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. मॉर्फिन कुणी द्यायचे ते ठरत गेले. त्या आध्यात्मिक दुःखाजवळ कुणी जायचे, ते मात्र आपल्या रुग्णालयांत अजून ठरलेले नाही.

धर्मांतराच्या आक्षेपाला मी बगल देणार नाही. मिशनच्या सुरुवातीच्या काळात दवाखान्याच्या ओसरीवर वाट बघत बसलेल्या रुग्णांना प्रवचन ऐकवले जाई. हा इतिहास आहे आणि तो झाकू नये. आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याला औषधाची गरज आहे, त्या गरजेच्या आडून त्याला काही ऐकायला लावणे चूक होते, मग ऐकवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. ही गोष्ट चॅपलेनांच्याच व्यवसायाने मान्य केली, आणि म्हणूनच आजच्या त्यांच्या आचारनियमांत रुग्णावर स्वतःची श्रद्धा लादण्याला बंदी आहे. न विचारता प्रार्थना केली तर तो दोष मानला जातो. ज्याला देव नको आहे, त्याच्याजवळ देवाविना बसता आले पाहिजे. आमच्या पाळकसाहेबांनी एका कट्टर नास्तिक शिक्षकाला शेवटचे आठवडे वर्तमानपत्र वाचून दाखवले, अग्रलेखासकट. त्या दोघांचे वाद व्हायचे ते बाहेरपर्यंत ऐकू यायचे.

सरकारी तिजोरीतून एका धर्माच्या प्रसारासाठी पैसा जाऊ नये, हे आपल्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमाचे सार आहे, आणि मला ते पूर्ण मान्य आहे. म्हणून मी सरकारी रुग्णालयात पाळक नेमा असे म्हणत नाही. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हापासून चॅपलेन तिचा भाग आहेत. तेव्हा ते बहुतेक ख्रिस्ती होते. आज त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, शीख, ज्यू, बौद्ध आहेत, आणि कोणताच धर्म न मानणारेही आहेत. एकाच प्रशिक्षणातून गेलेली ही माणसे रुग्णाला हवे असेल तर त्याच्या धर्माचे माणूस बोलावतात, नको असेल तर स्वतःच बसतात. आपल्याकडे तर अशा यादीत कीर्तनकार असतील, भंते असतील, मौलवी असतील, पाळक आणि फादर असतील, शीख ग्यानी असतील. यादी रुग्णालयात असावी, आणि ती वापरायची की नाही ते रुग्णाने ठरवावे.

आपण म्हणाल, आमच्याकडे समाजसेवा अधीक्षक आहेत. आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांचा दिवस कशात जातो ते पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे, शिधापत्रिका, धर्मादाय निधीची पत्रे, बेवारस रुग्णाचे पुनर्वसन. त्या टेबलासमोरची रांग संपत नाही. त्यांनी खाटेशेजारी कधी बसायचे? एक आठवण मात्र करून देते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. त्याआधी रुग्णालयात समाजसेवकाचे काय काम, असेच लोक म्हणत असणार. आज ते पद नसलेले मोठे सरकारी रुग्णालय आपल्याला चालणार नाही.

आता मी जे सांगणार आहे ते डॉक्टरांसाठीही आहे. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१० मध्ये कायदा केला. कायदा हवाच. पण हल्ला बहुधा कोणत्या घटकेला होतो? अतिदक्षता विभागाच्या दारात, रात्री, थकलेला निवासी डॉक्टर उभ्या उभ्या सांगतो, ‘पेशंट गेला,’ आणि पुढच्या पेशंटकडे पळतो, कारण त्याला पळावेच लागते. नातेवाइकांना पुढे काय करायचे, बॉडी कधी मिळणार, कागद कोण देणार, कशाचाही पत्ता नसतो. सिक्युरिटीवाले पुढे येतात. त्या घटकेला सिक्युरिटीच्या आधी एक शांत माणूस आला, त्याने घरच्यांना बाजूला बसवले, पाणी दिले, नाव घेऊन बोलला, डॉक्टरांना पुन्हा बोलावून नीट समजावून घेतले, तर सगळ्याच नाही, पण पुष्कळ मारामाऱ्या टळतील. हे मी आमच्या हॉस्पिटलात होताना पाहिले आहे.

करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ मध्ये, आपण सगळ्यांनी पाहिले की हे काम कुणीच करणारे नसले की काय होते. माणसे आत गेली आणि घरच्यांना पुन्हा दिसली नाहीत. पीपीई किटमधल्या सिस्टरनी आणि मामांनी स्वतःच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून दिले, कानाशी फोन धरला, कुणाच्या तोंडात घरून आलेले तीर्थ घातले. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली मला रात्री फोन करून रडायच्या. त्यांना कुणी विचारले नाही. त्या कामाचा कुठल्या ड्युटी चार्टमध्ये उल्लेख नव्हता, आणि साथ ओसरल्यावर तो कुणी केलाही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि कृत्रिम जीवरक्षक उपचार थांबवण्याची पद्धत २०२३ मध्ये सोपी केली. म्हणजे यापुढे अनेक कुटुंबांना व्हेंटिलेटर काढायचा का, या प्रश्नाला अधिकृतपणे उत्तर द्यावे लागेल. त्या कुटुंबातल्या थोरल्या मुलाची अवस्था मी पाहिली आहे. सही केली तर बापाला मारल्याचे पाप, नाही केली तर बापाचे हाल. वैद्यकीय मंडळ त्याला अहवाल देईल. त्याच्या पापाच्या भीतीशी बोलणारे माणूस त्या मंडळात नाही.

माझी विनंती मोठी नाही. दोन-तीन वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आधी करून पाहा. कर्करोग विभाग, जळीत कक्ष, प्रसूतिकक्ष आणि अतिदक्षता विभाग यांपासून सुरुवात करा. पदासाठी कोणत्याही धर्माची अट ठेवू नका, धर्मगुरू असण्याचीही नको. प्रशिक्षण मात्र पूर्ण असू द्या, वर सांगितलेल्या लेखी संवादांच्या तपासणीसकट, आणि रुग्णाचे बोलणे गुप्त ठेवण्याचा नियम कडक ठेवा. मिशन रुग्णालयांची आर्थिक ओढाताण वाढली आहे, काही ठिकाणी चॅपलेनचे पद भरलेच जात नाही. जे उरले आहेत त्यांतले पुष्कळ निवृत्तीला आले आहेत. त्यांच्याकडे जे आहे ते पुस्तकात नाही. ते अजून शिकवू शकतात तोवर त्यांना नव्या मुलामुलींना शिकवायला बोलवा. ती मुले वारकरी घरातली असोत, बौद्ध असोत, मुसलमान असोत, पाळकसाहेबांसारख्यांना त्याने फरक पडणार नाही.

आणि पद मंजूर कराल तेव्हा त्याची वेळ दहा ते पाच ठेवू नका. राहायला आवारात जागा द्या, आणि रात्रीच्या ड्युटीच्या सिस्टरला त्याचा नंबर द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका